घोंगडीखालचा दिवा

साखरा
९ डिसेंबर २००४

राधिका,

अक्षर ओळखून घाबरू नको. घरात सगळे जिवंत आहेत. आठ वर्षांनी माय लिहिते म्हणजे कुणीतरी गेलं असंच तुला वाटंल, म्हणून हे आधी लिहिलं.

तुझा पत्ता शेजारच्या सखुबाईच्या भाच्यानं आणून दिला. तो बायकोला घेऊन नागपूरला तुझ्या दवाखान्यात आला होता म्हणे. तू त्याला चहा पाजलास, गावातलं सगळं विचारलंस, आमचं एक सोडून. तवापासून लिहावं लिहावं करून राहिले. फोन करता आला असता, पण फोन दुकानात आहे आणि तिथं कायम चार माणसं बसलेली असतात.

तुझ्या आबांचं ठीक न्हाई. दिवाळीच्या आधी एकदा ते मेंढरं घेऊन माळावर गेले. दिवस मावळताना मेंढरं एकटीच घरी आली, नेहमीसारखी, आपापल्या जागेवर जाऊन उभी राहिली. आबा आले न्हाईत. तुझा भाऊ रातभर हुडकत फिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभूला ते सेनगावच्या रस्त्यावर एका लिंबाखाली सापडले. चपला हातात धरलेल्या. प्रभूला म्हणाले, "मेंढरं येऊ दे, मंग निघू." जन्मभर ज्यांनी लोकांची चुकलेली मेंढरं हुडकून दिली, त्यांच्याबद्दल आता पारावरची पोरं म्हणतात, भुजंगबाबाला मेंढरं घरी आणून सोडतात. मी ऐकलं आणि पदर ओढून पुढं गेले. त्यांच्या बी कानावर गेलं असंल, कारण त्यानंतर ते बाहेर पडले न्हाईत. मागच्या खोलीत बसून राहतात. उन्हात जन्म गेला त्यांचा, आता दार लोटून घेतात.

नांदेडला नेलं होतं. डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या बारीक नसा आवळल्यात, रक्त पोचतं पण कमी पोचतं. शेवटच्या सरीला पाणी जात न्हाई तसं मला समजलं. गोळ्या दिल्यात. म्हणाले, वयाचं आहे, फार आशा ठेवू नका. तू नर्स आहेस, तुला जास्त कळंल. फोटोचा कागद सोबत पाठवते. तुला लिहिते ते घरात कुणाला सांगितलं न्हाई. काही लिहिलंस तर सखुबाईच्या पत्त्यावर लिही.

अजून एक सांगायचं होतं, सांगू का नको असं झालंय. तू विजयकुमारशी लग्न केलंस तवा आबांनी अंगणात बसून तुझ्या नावानं आंघोळ केली, मेल्या माणसाची करतात तशी. ते तुला लोकांकडून कळलंच असंल. आता तेच आबा दिवस कलला की दारात येऊन उभे राहतात आणि मला विचारतात, "राधी आली का शाळेतून?" मी म्हणते, येईल. पहिल्यांदा विचारलं तवा मी चुलीपुढं बसून रडले. आता मी रोज त्या वेळेची वाट बघते.

तुझी माय


साखरा
२३ जानेवारी २००५

राधिका,

तू लगेच उत्तर देशील असं वाटलं न्हवतं. तुझ्या सांगण्यावरून आमी आबांना हिंगोलीला नेलं. तुझे नागपूरचे डॉक्टर तिथं महिन्यातून एकदा येतात, तसे आले होते. तू सांगितलं होतंस तसं त्यांनी तुझं नाव प्रभूपुढं काढलं न्हाई. माणूस चांगला आहे. आबांच्या कानशिलाला काहीतरी गार गार लावलं आणि एक कांडी टेकवली. यंत्रातून सूं सूं आवाज यायला लागला. मी घाबरले. डॉक्टर म्हणाले, "मावशी, हा त्यांच्या डोक्यातून वाहणाऱ्या रक्ताचा आवाज." चाळीस वर्षं ज्या माणसासोबत काढली त्याच्या डोक्यात काय चालतं ते मला कधी ऐकू आलं न्हवतं.

तू सांगून ठेवलेला उजेडाचा दिवा डॉक्टरांनी दिला, तो घेऊन आलो. खिडकीएवढी पांढरी पाटी आहे, मागं नळ्या. लावला की खोलीत भर दुपार होते. पहाटे उठल्याबरोबर समोर एक हात अंतरावर बसवायचं, डोळे उघडे, पण दिव्याकडं टक लावून बघायचं न्हाई. प्रभूनं डॉक्टरांना विचारलं, यानं डोकं सुधारतं का? ते म्हणाले, "उजेडानं झोपेची घडी बसते, हे आम्ही पुष्कळ म्हाताऱ्या माणसांत पाहिलंय. मेंदूचं रक्त वाढतं का, ते अजून नक्की माहीत नाही. तेच बघतोय. कोवळ्या उन्हात बसले तरी चालेल." उन्हात बसायला आबा तयार न्हाईत. अंगणात बसलं की येणारा जाणारा विचारतो, ओळखलं का बाबा? मंग ते मान खाली घालतात. म्हणून दिवाच बरा.

दिवसा लाइट जाते, तुला माहीत आहे. पहाटे असते. प्रभू शेरडांची धार काढायला जातो तवा मी आबांना बसवते. अजून फरक न्हाई.

परवा शेतात हुरडा भाजला. आबांना धरून नेलं होतं. त्यांनी कणसं चोळून चोळून दाणे माझ्या हातावर ठेवले. कवळे कवळे निवडून मला आणि राहिलेले त्यांना. मला म्हणाले, "अनुसा, खा." राधिका, त्यांनी माझं नाव घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात. त्यानंतर आता. प्रभूची बायको पुनम बाजूलाच होती, तिनं तोंडाला पदर लावला. आपल्या सासूसासऱ्यांचं काय बघून राहिलो असं वाटलं असंल तिला. मूठभर दाणे त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधून घेतले. कुणाला म्हणून विचारलं तर म्हणाले, राधीला.

तुझी माय


साखरा
१ मार्च २००५

राधिका,

पत्र उशिरा लिहिते. काम होतं.

तू विचारलंस म्हणून सांगते, मधे बराच फरक पडला होता. रात्री झोपायला लागले. सकाळी उठून गोठ्यात गेले, मेंढरं मोजली आणि प्रभूला म्हणाले, "काळ्या कानाची कुठं हाय?" ती प्रभूनं कळमनुरीच्या बाजारात विकली होती, त्यांना न विचारता. त्याची चांगली खरडपट्टी निघाली. प्रभूला बोलणी खाऊन बी बरं वाटलं. शिवरातीला औंढ्याला जाऊ म्हणत होते.

माझ्यावर बी ओरडले. भाकरी जाड झाली म्हणून ताट सरकवलं. ते पहिल्यासारखे झाले म्हणजे सगळंच पहिल्यासारखं होणार. असं.

आता परत जरा कमी वाटतं. लाइटचं बी काही खरं न्हाई, कधी पहाटे बी जाते. पण दिवा लावते मी. तू काळजी करू नको. तुझी बी ड्युटी असते, घाईनं उत्तर लिहिलं न्हाईस तरी चालंल.

संध्याकाळी विचारतात अजून तुला.

तुझी माय


साखरा
११ मे २००५

राधिका,

तुझं पत्र सखुबाईनं आणून दिलं. ते मी गोठ्यात उभी राहून वाचलं.

तू लिहिलंस, एप्रिलमधे हिंगोलीला परत तपासलं त्यात डॉक्टरांना काहीच फरक दिसला न्हाई. रक्ताचा आवाज पहिल्यासारखाच. ते म्हणाले, तुझ्या वडिलांना उजेड लागू पडत न्हाई, दिवा परत घेऊ आणि दुसऱ्या कुणाला देऊ. आणि तू लिहिलंस, आठ वर्षांत आबांसाठी एक गोष्ट करायला गेले, ती बी लागू पडली न्हाई.

लागू पडली होती. दिवा मी झाकला.

फेब्रुवारीत ते चांगले झाले होते ते तुला लिहिलं. पण एक सकाळ लिहिली न्हाई. दिव्यासमोरून उठून ते चहा पीत बसले होते. मला इतका आनंद झाला होता की तोंडातून निघून गेलं, "राधी असती तर खूश झाली असती." त्यांनी कप खाली ठेवला. "कोण राधी?" म्हणाले. "त्या नावाची कुणी या घरात न्हाई. मी आंघोळ करून बसलोय. तुला लईच वाटत आसंल तर जा तिच्यामागं." त्या संध्याकाळी मी दाराकडं कान लावून बसले. ते दारात आले, मेंढरं मोजली आणि आत गेले. तुझं नाव न्हाई. दुसऱ्या दिवशी बी न्हाई.

मंग एका पहाटे मी दिवा लावलाच न्हाई. त्याच्यावर त्यांचीच घोंगडी टाकली आणि त्यांना म्हटलं, लाइट गेली. मंग रोज तेच केलं. काही दिवसांतच ते परत दारात उभे राहून तुला विचारायला लागले.

तुझ्यासाठी केलं असं मी मनाला सांगत राहिले. तसं बी न्हाई. मला ते अनुसा म्हणायचे. माझ्या हातावर दाणे ठेवणारा माणूस मला या वयात भेटला होता आणि दिवा लावला की तो जायचा, ताट सरकवणारा यायचा. मला तो नको होता. खरं हेच आहे. नवरा बरा व्हायला लागला आणि मी त्याला बरं होऊ दिलं न्हाई.

हिंगोलीला डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, रोज लावता ना?" मी मान हलवली. त्यांनी परत ती कांडी टेकवली, लई वेळ ऐकत बसले, आणि त्यांचा चेहरा उतरला. मी जमिनीकडं बघत होते. माझ्या मान हलवण्यानं दुसऱ्या म्हाताऱ्यांचा बी दिवा जाईल का, ते मला कळत न्हाई. तू त्यांना खरं काय ते सांग. माझं नाव घेऊन सांग.

तुझं पत्र आलं नसतं तर मी बोलले असते का? परवाचं झालं न्हवतं तवर न्हाई. परवा पुनमला कडब्याच्या गंजीत आबांचं धोतर सापडलं, घाण झालेलं, गुंडाळून आत खोल कोंबलेलं. ती मला गुपचूप येऊन म्हणाली, "आत्याबाई, हे पहिलंच न्हाई." म्हणजे हे आधी किती वेळा झालं होतं आणि ती पोर न बोलता धुवत होती. मी खोलीत गेले. आबा कोपऱ्यात होते, नुसती घोंगडी गुंडाळून. मला बघून भिंतीला चिकटले. दोन्ही हात डोक्यावर धरले आणि म्हणाले, "माय, मारू नको. परत न्हाई करणार."

त्यांची माय जाऊन पन्नास वर्षं झाली असतील. मारायची ती, ऐकलेलं आहे.

मला वाटत होतं ते तिथं सुखात आहेत. हुरडा चोळून देतात, तुझी वाट बघतात, कुणावर ओरडत न्हाईत. दिवसभर एकटे त्या खोलीत कुणाला भिऊन बसत होते ते मी कधी विचारलंच न्हाई. मी त्यांना तिथं ठेवलं होतं.

त्यांना आंघोळ घातली, कपडे घातले. दिवा लावायला हात गेला आणि थांबले. लावला तर ते तुला परत पुसून टाकतील. हे ठरवायच्या लायकीची मी राहिले न्हाई. तू सांग.

माय


साखरा
२७ जून २००५

राधिका,

तू दोन ओळी लिहिल्यास. "दिवा लाव. त्यांनी माझं नाव नाही घेतलं तरी चालेल, पण त्यांना भीती वाटायला नको." मला काहीच बोलली न्हाईस. बोलली असतीस तर जरा बरं वाटलं असतं.

त्याच दिवशी घोंगडी काढली. प्रभूला आणि पुनमला बसवून सगळं सांगितलं, दिवा कुणी मिळवून दिला ते बी. प्रभू उठून बाहेर गेला. परत आला तवा म्हणाला, "तिच्याशी तू बोलतेस हे मला सांगायचं तरी." बस इतकंच. आता पहाटे तोच आबांना उठवून बसवतो. माझ्यावर सोडत न्हाई. त्याचं बराबर आहे.

पहिल्याइतका फरक पडला न्हाई. सकाळी चांगले असतात. माणसं ओळखतात, धोतराचं बी आता सांगतात. दुपारपर्यंत टिकतं, मंग हळूहळू जातं. दिवस कलला की परत दारात येतात. डॉक्टरांना सगळं कळल्यावर बी ते माझ्यावर रागावले न्हाईत. म्हणाले, मधले महिने गेले म्हणून की आजारच पुढं सरकला, ते सांगता येत न्हाई. मला काय वाटतं ते मी त्यांना सांगितलं न्हाई.

आता परवाचं सांगते. आबा दिव्यापुढं बसले होते. प्रभू धारेला गेला होता. मला म्हणाले, "ह्यो दिवा कुणी दिला?"

डॉक्टरांनी, असं म्हणता आलं असतं. म्हटलं, "राधीनं. डॉक्टर तिच्याच दवाखान्यातले हायत."

मला वाटलं उठतील, दिवा फेकतील. बसून राहिले. मंग मीच पुढचं सांगितलं, घोंगडीचं.

"काहून झाकला?"

"तुमी चांगले झाले की तिचं नाव घेत न्हाई."

"आन एरवी घेतो?"

"रोज."

"काय म्हणतो मी?"

"राधी आली का शाळेतून, म्हणता."

ते दिव्याकडंच बघायला लागले, टक लावून, बघू नये म्हणतात तरी. मंग विचारलं, "कुणापुढं?"

"प्रभूपुढं. पुनमपुढं. एक दोनदा सखुबाई बी होती."

त्यांनी खांद्यावरचा रुमाल तोंडावर घेतला. आतून म्हणाले, "सगळ्यांनी ऐकलं म्हण की." मी त्यांना उभ्या जन्मात कधी लाजताना बघितलं न्हवतं. माळावर हरवले तवा नुसती मान खाली होती. हे तसं न्हवतं. आपण ज्याच्यावर अडून बसलो ते आपल्याच तोंडानं रोज मोडलं, आणि घरात आपल्याला सोडून सगळ्यांना ठाऊक, याची ती लाज होती. माझी माझ्यापाशी होतीच. दोघं तसेच बसलो, दिवा पेटलेला, बाहेर उजाडलेलं.

त्या दिवशी ते जेवले न्हाईत. संध्याकाळी दारात आले, तुला विचारलं. मी म्हटलं, येईल. पुनमनं मान फिरवली.

आज सकाळी दिव्यापुढं बसल्यावर त्यांनी मला हाक मारली. नाव न्हाई घेतलं, "अगं" म्हणाले, पहिल्यासारखं.

"तिला लिहितेस ना तू?"

"व्हय."

"मंग लिही. यायचं आसंल तर सकाळची ये म्हणावं. दिवस कलल्यावर मी काय बोलतो ते माझं न्हाई. ते तिनं खरं धरू बी नये. मला तिच्याशी बोलायचं हाय ते मला कळतंय तवा बोलीन."

"काय बोलणार हाव?" मी विचारलं.

"ते तिला सांगंन."

रागावतील का जवळ घेतील, मला अंदाज न्हाई, म्हणून तुला खोटी आशा लावत न्हाई. एकदा लावून बघितली, तिचं काय झालं ते तुला ठाऊक आहे. जावयाला आणायचं का, ते त्यांनी सांगितलं न्हाई आणि मी विचारलं न्हाई. ते तू आणि विजयकुमार ठरवा.

नागपूरहून रातची गाडी हिंगोलीला पहाटे पोचते. प्रभू स्टँडवर मोटारसायकल घेऊन थांबंल, तो स्वतःहून म्हणाला. दिवा विझवायच्या आत तू घरी येशील. दुपारच्या गाडीनं येऊ नको.

तुझी माय
अनुसया